तिसरीतल्या मुलीला शाळेतून काढून होमस्कूलिंग करावं का?

तुम्ही विचारलंय की मुलगी रोज सकाळी शाळेत जायला रडते, तर तिला घरीच शिकवावं का आणि मग ती एकलकोंडी होईल का. मी माझ्या मुलाला घरी शिकवते, आधी तो शाळेत होता, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

आधी रडण्याचं कारण शोधा. फळ्यावरचं नीट दिसत नसेल, वाचताना अक्षरं अडत असतील, वर्गात कोणी त्रास देत असेल, प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. डोळे तपासून घ्या, वाचनाची अडचण वाटली तर त्यातल्या तज्ज्ञाला दाखवा. नाहीतर शाळा सुटेल पण ती अडचण घरातच राहील आणि मग शिकवणारे पण तुम्ही, ओरडणारे पण तुम्हीच.

आता होमस्कूलिंगचं. माझं मत विचाराल तर यात मूल किती हुशार आहे याने फारसा फरक पडत नाही, घरातल्या एका तरी मोठ्या माणसाकडे दिवसा वेळ आणि गप्प बसायचा धीर आहे का यावर सगळं ठरतं. वेळेचं सगळ्यांना पटतं, गप्प बसायचं नाही. अपूर्णांकांचा भागाकार घ्या. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, एवढं सांगून शाळेत पुढे जातात. माझ्या मुलाने विचारलं, उलटा का करायचा? मग आम्ही सारख्या लांबीच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, एकीचे दोन भाग, एकीचे तीन, एकीचे चार. अर्ध्यात पाव किती वेळा बसतो ते त्याने पट्टीवर पट्टी ठेवून बघितलं, दोनदा. मग अर्ध्यात एक तृतीयांश, तर तो एकदाच बसला आणि वर थोडी पट्टी उरली. तिथे गाडी अडली. उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं पण बोलले नाही, अख्खी दुपार गेली, शेवटी त्याने उरलेला तुकडा तृतीयांशावर ठेवला, तो बरोबर त्याच्या निम्मा निघाला आणि तो ओरडला "दीडदा बसतो!" वर्गभर मुलं समोर असताना बाईंना एवढं थांबणं शक्यच नसतं, त्यात त्यांचा दोष नाही.

म्हणून घरात शाळेसारखं टाइमटेबल लावू नका, निदान सुरुवातीला तरी. जॉन होल्ट हे अमेरिकन शिक्षक आधी शाळा सुधारायच्या मागे होते, मग शाळेबाहेर शिकणाऱ्या कुटुंबांसाठी १९७७ पासून त्यांनी नियतकालिक काढलं, अनस्कूलिंग हा शब्द त्यांनीच रूढ केला. मुलाच्या कुतूहलामागे जा, बाकी आपोआप येतं, असं त्यांचं म्हणणं. मी एवढी पुढे जात नाही, वाचन आणि गणित रोज होतंच, बाकी त्याच्या मनाप्रमाणे. एकट्याला शिकवताना या वयात दोन-तीन तासांत अभ्यास आटोपतो.

एकलकोंडेपणाची भीती अगदीच खोटी नाही. शाळेत मित्र आयते मिळतात, इथे ते तुम्हाला जमवून आणावे लागतात, आणि एखाद्या वाढदिवसाला भेटून मैत्री होत नाही, तीच मुलं दर आठवड्याला भेटायला हवीत, खेळ असो नाटक असो काहीही. फायदा एवढा की लहान-मोठ्या सगळ्या वयांशी बोलायची सवय लागते.

कायदा मात्र नक्की बघा, प्रत्येक देशात वेगळा आहे. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं आहे आणि २००६ मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयानेही त्याविरुद्धची पालकांची तक्रार फेटाळली. अमेरिकेत सगळ्या राज्यांत परवानगी आहे पण कुठे साधं कळवावंही लागत नाही तर कुठे दरवर्षी मूल्यमापन द्यावं लागतं. पुढे बोर्डाची परीक्षा बाहेरून देता येते का आणि सायन्सचं प्रॅक्टिकल कुठे होईल हेही आत्ताच विचारून ठेवा, लेखी पेपरपेक्षा प्रॅक्टिकललाच जास्त लोक अडकतात.

आणि शाळेतून दाखला काढायच्या आधी विचारून घ्या की मध्येच परत यायचं झालं तर वयाप्रमाणे वर्गात घेतात की परीक्षा घेऊन, आणि जागा मिळेल का. जमलं तर ते लेखी घ्या.