व्हायोलिन आणि बासरी दोन्ही आवडतात, पण पाश्चात्त्य शास्त्रीय कधी ऐकलं नाही. सुरुवात कशापासून करू?

सिम्फनीपासून नको. साठ-सत्तर वाद्यांच्या गर्दीत तुमची दोन हरवतील. आधी मोझार्टचं डी मेजरमधलं फ्लूट क्वार्टेट लावा (१७७७; मोझार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक के. २८५). चारच वाद्यं: बासरी, व्हायोलिन, व्हायोला (जरा मोठं, खालच्या सुरांचं व्हायोलिन), चेलो (त्याहून मोठं, बसून वाजवायचं). त्यातही थेट दुसरा, संथ भाग. तिथे तंतुवाद्यं गजाने वाजतच नाहीत, तारा नुसत्या बोटांनी छेडल्या जातात आणि त्या टिपक्यांवरून बासरी एकटी लांबलचक सूर ओढत जाते. दोनेक मिनिटांचाच मामला. संपतो म्हणावं तर संपतही नाही, सरळ पुढच्या नाचऱ्या भागात उडी मारतो. मी पहिल्यांदा ऐकताना दचकलो होतो.

मग बाखचा पाचवा ब्रान्डेनबर्ग कॉन्चेर्तो (१७२१), म्हणजे काही मुख्य वाद्यं आणि साथीला वाद्यवृंद अशी रचना. मधल्या भागात फक्त बासरी, व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, पट्ट्यांचं वाद्य). एकाने सोडलेला धागा दुसरा उचलतो. एकदा ऐकताना फक्त व्हायोलिनचा पाठलाग करा, पुढच्या वेळी बासरीचा. पहिल्या भागाच्या शेवटी हार्पसिकॉर्ड सगळ्यांना गप्प करून बराच वेळ एकटंच सुटतं, तेवढं सहन करा. (मला आता तेच जास्त आवडतं.)

बीथोव्हनचं ऑपस २५ (म्हणजे रचना क्रमांक २५) सेरेनेड, एक हलकीफुलकी रचना, हेही छान आहे, बासरी-व्हायोलिन-व्हायोला, खेळकर.

निव्वळ बासरी हवी असेल तर देब्युसीचं 'सिरिंक्स', १९१३चं. तीन मिनिटं, साथीला कुणीच नाही. रात्री, हेडफोन लावून.