कोपऱ्यातला लाल ठिपका खरा मानायचा का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, बाबा आणि मी चालवतो. एका गिऱ्हाइकाला पाइपलाइनसाठी भिंतीवर लावायचे एल आकाराचे ब्रॅकेट हवे आहेत. १२ मिमी जाड, ६० मिमी रुंद एमएस (माइल्ड स्टील) पट्टी आम्ही प्रेसवर वाकवतो. उभी बाजू वर, बेंडपासून ६० मिमीवर शेजारी शेजारी दोन एम१२ बोल्ट. आडव्या बाजूवर, कोपऱ्यापासून १५० मिमीवर पाण्यासकट दीडशे किलो वजन. गिऱ्हाइकानं स्ट्रेस अ‍ॅनालिसिसचा रिपोर्ट मागितला, म्हणून मी फ्रीकॅड या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं. आतला कोपरा काटकोनात काढला आणि पाठ पूर्ण फिक्स केली. मेश म्हणजे मॉडेलचे छोटे तुकडे पाडणारी जाळी. ६ मिमी मेशला कोपऱ्यात, चित्रात लाल ठिपका दिसतो तिथे, १६५ मेगापास्कल स्ट्रेस आला, ३ मिमीला २०६, दीडला २७४, पाऊणला ३७५. टोक मात्र चारही वेळा १.०३ ते १.०५ मिमीच खाली गेलं. पट्टीचं यील्ड, म्हणजे ज्या स्ट्रेसला ती कायमची वाकू लागते तो आकडा, २५० आहे. बाबा म्हणतात, इतकी वर्षं असेच ब्रॅकेट लावतोय, एकही वाकला नाही. रिपोर्टमध्ये कोणता आकडा लिहू?

उत्तर : चारपैकी एकही लिहू नका. का, ते तुमच्याच आकड्यांत दिसतं. २०६ला १६५नं भागा, मग २७४ला २०६नं, मग ३७५ला २७४नं. १.२५, १.३३, १.३७. दर वेळी मेश निम्मी केलीत आणि वाढीचं प्रमाण १.३७पाशी येऊन थांबलं. हा १.३७ तुमच्या पट्टीचा नाही आणि पाइपाच्या वजनाचाही नाही, तो काटकोनाचा आहे. आतला कोपरा गोलाई न ठेवता अगदी टोकदार काढला, की इलॅस्टिक गणितात त्या टोकावरचा स्ट्रेस अनंत होतो. तो कोणत्या दरानं चढतो हे विल्यम्स यांनी १९५२ साली मांडलं. काटकोनी कोपऱ्यासाठी तो घातांक साधारण ०.४५६ आहे. कॅल्क्युलेटरवर २चा ०.४५६ घात काढा, १.३७ येईल. मेश आणखी निम्मी केलीत तर ५१४च्या आसपास आकडा दिसेल, आणि पुढेही तो थांबणार नाही. सॉल्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअरमधला गणित सोडवणारा भाग, बिघडलेला नाही. ज्या प्रश्नाचं उत्तरच अनंत आहे तो त्याला विचारला गेला आहे.

मेश बारीक केल्यावर जो आकडा जागचा हलत नाही तोच धरायचा. तुमच्याकडे तसा एक आकडा आहे, टोक किती खाली गेलं त्याचा. तो पहिल्या रनपासून स्थिर आहे. आता तो हातानं पडताळून बघा. १५० किलो म्हणजे सुमारे १५०० न्यूटन. लांबी १५०, रुंदी ६०, जाडी १२. आय, म्हणजे पट्टीचा छेद वाकण्याला किती विरोध करतो तो आकडा : ६० गुणिले १२चा घन भागिले १२, ८६४० आला. पीएल क्यूब भागिले तीन ईआय मांडलं (पी म्हणजे वजन, एल लांबी, ई लोखंडाचा ताठपणा), ई दोन लाख धरला, तर ०.९८ मिमी येतात. सॉफ्टवेअरचा आकडा याच्या किंचित वर आहे, कारण आडव्या बाजूच्या मुळाशी असलेलं लोखंडही थोडं दबतं. जुळलं. याचा अर्थ लोड, युनिट आणि मटेरियल तुम्ही बरोबर भरलं आहे. मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये किलो आणि न्यूटनचा घोळ झाला की उत्तर दहापट चुकतं आणि चित्र तरीही तितकंच छान दिसतं, म्हणून ही पडताळणी मी कधीच सोडू देत नाही.

स्ट्रेसही तसाच काढा. मोमेंट, म्हणजे वजन गुणिले लांबी, २,२५,०००; झेड, म्हणजे रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले ६, १४४०; भागाकार १५६ मेगापास्कल. हा सरळ पट्टीतला स्ट्रेस झाला. कोपऱ्यात तो किती वाढतो, हे कोपरा खरा कसा आहे त्यावर ठरतं. पट्टी तुम्ही प्रेसवर वाकवता, मग तिथे टोकदार काटकोन आहेच कुठे? १२ मिमीची पट्टी वाकवताना आतली गोलाई निदान जाडीइतकी ठेवावी लागते, नाहीतर बाहेरच्या अंगाला तडा जाण्याची भीती असते. तेव्हा आत १२ आणि बाहेर २४ मिमी रेडियस देऊन मॉडेल पुन्हा काढा. वाकलेल्या पट्टीचं जुनं सूत्र, पाठ्यपुस्तकात कर्व्ह्ड बीम म्हणून असतं ते, या प्रमाणाला १.२९चा गुणक देतं. म्हणजे आतल्या अंगाला २०० ते २१० मेगापास्कल. त्या गोलाईवर सहा-आठ एलिमेंट (मेशचे तुकडे) बसतील इतकी बारीक मेश द्या, मग आणखी निम्मी करा. या वेळी आकडा याच टप्प्यात येऊन थांबेल. थांबलेला आकडा रिपोर्टमध्ये लिहा.

एलिमेंट दहा नोडचेच, म्हणजे दहा बिंदूंवर गणित करणारेच ठेवा. चार नोडचे टेट्रा (चार पृष्ठांचे तुकडे) वाकणाऱ्या पट्टीत फार ताठ वागतात. वाकणं कमी दाखवतात, स्ट्रेसही कमी दाखवतात, आणि आपण निर्धास्त होतो.

आता पाठीचं बघू. पूर्ण पाठ फिक्स करणं म्हणजे ब्रॅकेट भिंतीला चिकटवून टाकणं. प्रत्यक्षात वजन आलं की बेंडपाशी पट्टी भिंतीवर दाबली जाते आणि वर बोल्ट तिला धरून ठेवतात. बेंड ते बोल्ट हा ६० मिमीचा तुकडा भिंतीपासून किंचित सुटून वाकतो. त्यामुळे टोक आणखी सुमारे ०.४ मिमी खाली जातं. म्हणजे १ नव्हे, १.४ मिमी. बोल्टवरचा ताण काढा : १५०० गुणिले १६२ भागिले ६०, दोन्ही बोल्ट मिळून साधारण ४ किलोन्यूटन. ८.८ ग्रेडच्या एम१२ बोल्टला हे काहीच नाही. पण विटांच्या भिंतीत बोल्ट धरून ठेवणाऱ्या अँकरला ते खूप असू शकतं, आणि अँकर तुमच्या मॉडेलमध्ये नाहीच. गिऱ्हाइकाला भिंत कशाची आहे ते आधी विचारा. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा धोका तिथे आहे, कोपऱ्यात नाही.

बाबांचं म्हणणं टाकून देऊ नका. माइल्ड स्टील एखाद्या ठिकाणी यील्डला पोचलं तरी तिथल्या तिथे थोडं सरकतं आणि भार शेजारच्या लोखंडावर जातो. स्थिर वजनाखाली असे ब्रॅकेट म्हणूनच टिकतात. पण २५०ला २०५नं भागलं तर हाती १.२ उरतो, आणि पंप सुरू-बंद होताना पाइप हलतो. शिवाय खाडीची हवा आहेच. ठाणे-बेलापूर पट्ट्यात उघड्यावरच्या एमएसची काय गत होते ते तुम्ही रोज बघता. १२ची पट्टी गंजून ११ झाली तर झेड जाडीच्या वर्गानं घटतो आणि स्ट्रेस १९ टक्क्यांनी चढतो. २०५चे २४४ होतात. मी असते तर १६ मिमीची पट्टी घेतली असती. आतली गोलाईही १६ ठेवली तर स्ट्रेस ११५च्या जवळ येतो, वाकणं निम्म्याहून कमी होतं, आणि वर गॅल्व्हनायझिंग करून घेता येतं. १२चीच ठेवायची असेल तर गसेट, म्हणजे कोपऱ्यात आधाराची त्रिकोणी प्लेट, लावा.

गसेट वेल्ड केलात तर वेल्डच्या कडेला पुन्हा टोकदार कोपरा येणार. तिथला सर्वांत मोठा आकडा वाचू नका. वेल्डच्या कडेपासून जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे, म्हणजे १२च्या पट्टीत ४.८ आणि १२ मिमीवरचे स्ट्रेस घ्या. पहिल्याला १.६७नं गुणा, त्यातून दुसऱ्याची ०.६७ पट वजा करा. वेल्डच्या फटीगसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भारानं तडा जाण्याच्या हिशेबासाठी, ही रीत जगभर वापरतात.

हे वाचून कोणी ‘लाल ठिपक्याकडे दुर्लक्ष करा’ असा अर्थ काढू नये. उलट्या बाजूची चूक फार महागात पडते. नॉर्वेत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनेर ए या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी समुद्राच्या खाडीत बुडाला. त्याच्या पोकळ खणांच्या सांध्यांत मेश जाड आणि वेडीवाकडी होती, त्यामुळे भिंतीतला शीअर स्ट्रेस ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला. लोखंडी सळ्याही मग कमीच पडल्या. तिथे कोणालाही लाल ठिपका दिसला नव्हता. म्हणून कोपरा टोकदार असो वा गोल, मेश बदलून बघणं चुकवायचं नाही.

पहिला ब्रॅकेट तयार झाला की कारखान्यातल्या जाड प्लेटवर बोल्टनं बसवा, दीडशे किलो टांगा आणि टोकाखाली डायल गेज लावा. १२च्या पट्टीला १.४च्या आसपास सुई गेली तर तुमचं मॉडेल खरं. रिपोर्टमध्ये त्या वाचनाचा फोटो जोडा. रंगीत चित्रांपेक्षा गिऱ्हाइकाचा इंजिनियर तोच आधी बघेल.

प्रश्न : मॅडम, मी कळव्याला राहतो, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. १०० मिमी रुंद पट्टीच्या मधोमध २० मिमी भोक, दोन्ही टोकांना १०० मेगापास्कल ओढ. पुस्तकात भोकाच्या कडेला तिप्पट, म्हणजे ३०० येतात असं दिलं आहे. मला ३१४ येतात, मेश कितीही बारीक केली तरी ३१४च. सर म्हणतात चूक आहे. कुठे चुकलं?

उत्तर : तुझं काही चुकलेलं नाही. मेश बदलूनही आकडा हलत नाही, ही तर चांगली खूण आहे. भोकाची कड गोल असते, तिथे अनंताचा प्रश्नच येत नाही.

पुस्तकातला तिप्पटीचा आकडा किर्श या जर्मन इंजिनियरनं १८९८ साली काढला, तो अमर्याद रुंदीच्या पट्टीसाठी. तुझ्या पट्टीत भोकानं पाचवा हिस्सा खाल्ला आहे. उरलेल्या ८० मिमीवर सरासरी १२५ मेगापास्कल येतात. अशा पट्टीसाठी एक साधं सूत्र आहे : भोक आणि रुंदीचं गुणोत्तर एकातून वजा कर, त्याचा घन कर आणि त्यात २ मिळव. ०.८चा घन ०.५१२, म्हणजे गुणक २.५१. १२५ गुणिले २.५१ केलंस की ३१४ येतात. हे गणित कागदावर मांडून सरांना दाखव, ते नक्की मान्य करतील. हवं तर रुंदी ४०० मिमी करून पुन्हा रन कर, आकडा ३००च्या अगदी जवळ येईल. आणि पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी आहे, तेव्हा पाव भागाचंच मॉडेल पुरतं. कापलेल्या कडांवर सिमेट्री द्यायची, फिक्स नाही. फिक्स केलंस तर भोकाजवळची पट्टी आत ओढली जाऊ शकणार नाही आणि उत्तर बिघडेल.

प्रश्न : माझी मुलगी नेरुळला राहून बीई करते आहे. तिला या विषयाची आवड आहे. महागड्या सॉफ्टवेअरचा कोर्स लावावा का?

उत्तर : आत्ता नको. फ्रीकॅड आणि त्याच्यासोबत चालणारा कॅल्क्युलिक्स सॉल्व्हर फुकट मिळतात. विंडोजवर प्रीपोमॅक्सही फुकट आहे आणि शिकायला सोपं आहे. बटणं कुठली दाबायची हे पुढे कंपनी थोड्या दिवसांत शिकवते. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स मात्र कोणी शिकवत नाही, ते येतंय असं धरूनच मुलाखतीला बोलावतात. इतर काही नसेल तर वरची भोकाची पट्टी आणि रबाळेचा ब्रॅकेट तिला द्या. आधी हातानं उत्तर काढायला सांगा, मग सॉफ्टवेअरवर. दोन्ही आकडे वेगळे आले तर का आले हे तिला सापडेपर्यंत कोर्सचे पैसे भरू नका.