आधी ऑक्सिजन मोज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री पावणेबाराचा मेल सकाळी वाचला. प्रकाशाने पाणी फोडून हायड्रोजन काढायची तुझी पावडर म्हणजे कार्बन नायट्राइड; तिच्यात डोपिंगसाठी, म्हणजे किंचित मिसळायला, लोखंड घेऊ की तांबं, असं विचारलं आहेस. त्याचं उत्तर आज देत नाही. मेलच्या तळाशी जाता जाता एक ओळ लिहिली आहेस: 'नुसत्या पाण्यात हायड्रोजन येत नाही मॅडम, पण ट्रायइथेनॉलअमाइन घातलं की भरपूर येतं.' अरे, तुझा खरा प्रश्न तोच आहे, आणि तू त्याच्यावरून उडी मारून पुढे गेलास.

ऑक्सिजन मोजलास का? अख्ख्या मेलमध्ये तो शब्द मला सापडला नाही.

पाणी फुटलं की दोन वायू येतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, दोनास एक या प्रमाणात. एकच येत असेल तर पाणी फुटलेलं नाही. प्रकाश पडल्यावर सुटलेला इलेक्ट्रॉन तुझ्या प्लॅटिनमच्या कणांवर जाऊन हायड्रोजन करतो, ते ठीक. पण मागे राहिलेला होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, पाण्याच्या वाटेला जातच नाही, समोर सहज इलेक्ट्रॉन देणारं आयतं अमाइन (तुझं ट्रायइथेनॉलअमाइन) असतं त्याच्यावर पडतो. पाण्यातून ऑक्सिजनचा एक रेणू काढायला चार होल लागतात. या सगळ्या विषयातलं अवघड काम तेवढंच आहे, आणि अमाइन घालून तू नेमकं तेच टाळतोस. अर्ध्या अभिक्रियेची चाचणी म्हणून अमाइन जरूर वापर, 2009 सालच्या कार्बन नायट्राइडच्या पहिल्या कामातही ते वापरलं होतं. फक्त त्याला 'पाण्याचं विघटन' म्हणू नकोस. गाइड म्हणाले तरी नको.

मी म्हटलं होतं, म्हणून सांगते.

आमचं काम कॅडमियम सल्फाइडवर होतं. सोबतीला, तुझ्या अमाइनच्या जागी, सल्फाइड आणि सल्फाइटचं द्रावण. हायड्रोजन असा यायचा की दर अर्ध्या तासाला सिरिंज भरून जीसीला (वायू वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला) टोचताना हात थरथरायचे. माझा एक विद्यार्थी होता, तुझ्याच वयाचा. तो एकदा म्हणाला, 'मॅडम, ऑक्सिजनचं काय?' मी म्हटलं, 'नंतर बघू.' पेपर छापून आला, शीर्षकात पाण्याचं विघटन. पुढे त्याने स्वतःहून नुसत्या पाण्यात प्रयोग लावला. ऑक्सिजन शून्य, आणि पाण्यात कॅडमियम उतरलेलं. होल दुसरं काही मिळेना म्हणून कॅटॅलिस्टमधल्याच सल्फाइडला खात होते. त्याने ते आकडे माझ्या टेबलावर ठेवले आणि काही न बोलता निघून गेला. पीएच.डी. झाल्यावर त्याने हे क्षेत्रच सोडलं.

मी खोटं लिहिलं नव्हतं. द्रावणात काय होतं ते प्रयोगाच्या भागात स्पष्ट दिलं होतं, कुणीही वाचावं. तेव्हा पुष्कळ जण तसंच लिहीत. आमच्या जीसीला ऑक्सिजन आणि नायट्रोजन वेगळे करणारा कॉलम नव्हता, प्रकल्पाचे पैसे मार्चअखेर संपवायचे होते, दोन मुलांच्या फेलोशिप माझ्या सहीवर अडल्या होत्या. हे सगळं खरं आहे आणि आजही मला पटतं. तरी त्या मुलाला मी 'नंतर बघू' म्हटलं, हेही खरं आहे. कॉलम मागवता आला असता.

म्हणून तुझ्यावर चिडते आहे. तुझ्याकडे कॉलम आहे.

स्ट्राँशियम टायटनेटचं बघ, तोही प्रकाशात पाणी फोडणारा कॅटॅलिस्टच. जपानमध्ये काझुनारी दोमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली त्यावर निकेल ऑक्साइड चढवून पाण्याची वाफ फोडली होती. 2020 साली त्याच पदार्थावर, 350 ते 360 नॅनोमीटरच्या प्रकाशात, 96 टक्क्यांपर्यंत क्वांटम कार्यक्षमता दाखवली, म्हणजे पडलेल्या प्रकाशकणांपैकी तेवढे कामी आले. मधे चाळीस वर्षं. या काळात कितीतरी नवे पदार्थ आले, पण हा हातचा सोडला नाही. आणि सुधारणा कुठून आली? वितळलेल्या स्ट्राँशियम क्लोराइडमध्ये पावडर भाजताना अल्युमिनाच्या क्रुसिबलमधलं (भाजायच्या भांड्यातलं) अल्युमिनियम तिच्यात शिरत होतं आणि इलेक्ट्रॉन अडकवणारे दोष कमी करत होतं. आपण क्रुसिबल घासून ठेवून दिलं असतं, त्यांनी ते का होतं याचा पाठपुरावा केला. पुढे स्फटिकाच्या एका प्रकारच्या बाजूंवर ऱ्होडियम आणि दुसऱ्या बाजूंवर कोबाल्ट बसवलं, म्हणजे इलेक्ट्रॉन इकडे आणि होल तिकडे. ऱ्होडियमवर क्रोमियम ऑक्साइडचं कवच, कारण उघड्या धातूवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन पुन्हा एक होऊन पाणी होतं. ही उलटी वाट ऑक्सिजन न मोजणाऱ्याला कधी दिसलीच नसती.

तो पदार्थ फक्त अतिनील प्रकाश घेतो. म्हणून 2021 साली 100 चौरस मीटरचे पॅनल उन्हात मांडले तेव्हा सौरऊर्जेतून हायड्रोजनची कार्यक्षमता जास्तीत जास्त 0.76 टक्के आली. छोटा आकडा, पण दोन्ही वायूंचा. तुझ्या 'प्रतिग्रॅम प्रतितास' आकड्यापेक्षा मला तो मोठा वाटतो. फ्लास्कमध्ये 10 मिलिग्रॅम पावडर, तासाला 12 मायक्रोमोल हायड्रोजन, त्याला शंभराने गुणलं की प्रतिग्रॅम 1200. पावडर शंभरपट केलीस तर वायू शंभरपट येईल का? नाही येणार, प्रकाश तेवढाच आहे. एका तरंगलांबीवरची क्वांटम कार्यक्षमता दे.

आता काम. अमाइनची बाटली कपाटात ठेव. नुसतं पाणी घे, आतली हवा निघेपर्यंत आर्गॉन सोड, दिवा लावायच्या आधी जीसीवर एक इंजेक्शन घे. मग एक प्रयोग अंधारात, एक पावडरीशिवाय. ऑक्सिजनचा पीक (जीसीच्या रेघेवरचा उंचवटा) आला की लगेच खूश होऊ नकोस, शेजारी नायट्रोजन बघ. सेप्टममधून (फ्लास्कच्या रबरी बुचातून) हवा शिरली असेल तर नायट्रोजनच्या साधारण 27 टक्के ऑक्सिजन हवेचाच असतो, तो वजा कर. सेप्टम रोज बदल. हायड्रोजन थोडा येऊन ऑक्सिजन आलाच नाही, तर द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड शोध. कार्बन नायट्राइडवर होतं तसं, आणि ते सापडलं तरी तुझ्या हाती खरं काहीतरी लागलं. तेही नसेल तर होलांसाठी कोबाल्ट ऑक्साइड चढवून बघ, आणि पुन्हा ऑक्सिजन मोज. लोखंड-तांब्याचं त्यानंतर बोलू.

सहा महिने जातील. तुझ्या बॅचची मुलं तोवर दोन-दोन पेपर छापतील, तुला त्रास होईल, घरचे विचारतील. मला ते कळत नाही असं समजू नकोस. गाइडशी बोलायला अवघड वाटत असेल तर माझं नाव सांग, मी फोन करीन.

सोमवारी मला आलेख पाठवू नकोस. जीसीचा मूळ क्रोमॅटोग्राम, म्हणजे यंत्राने काढलेली रेघ, पाठव, तिन्ही वायूंचे पीक दिसतील असा, आणि सोबत अंधारातला.

तुझी
मॅडम