नगरपालिकेवर टीका केली म्हणून "पोस्ट काढ, नाहीतर केस होईल" असं कुणी धमकावू शकतं का?

गावातल्या रस्त्याच्या कामाबद्दल तुम्ही फेसबुकवर लिहिलंत, त्यावरून दटावणी आली आणि तुम्ही विचारताय की अभिव्यक्तिस्वातंत्र्य मग उरलं कुठे. मी तालुका कोर्टात वकिली करतो. एवढ्याशा धाकाने रातोरात पोस्ट काढणारी माणसं बघून मला फार वाईट वाटतं.

आधी समोरच्याला एकच विचारा : कोणत्या कलमाखाली? संविधानाच्या कलम १९ ने दिलेल्या भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालता येतात, पण ते कायद्यानेच, वाजवी, आणि ठरलेल्या कारणांसाठीच. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. कुणा पुढाऱ्याला राग येणं त्यात नाही.

पालघरचं प्रकरण आठवत असेल. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद राहिली. त्यावर एका तरुणीने फेसबुकवर टीका केली, दुसरीने ती लाइक केली, आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' अशा ढगळ शब्दांवर तीन वर्षांपर्यंत कैद! २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते अख्खं कलम रद्द केलं. एखाद्या मताची चर्चा करणं किंवा ते हिरिरीने मांडणं, कितीही झोंबलं तरी, स्वातंत्र्यात बसतं. चिथावणीपाशी पोचल्यावरच कायदा आडवा येऊ शकतो, असं न्यायालय म्हणालं. तरीही पोलीस ठाण्यांतून ते मेलेलं कलम लागत राहिलं आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. म्हणूनच म्हणतो, कलम विचारा.

आता तुमच्या पोस्टकडे येतो, कारण एका ठिकाणी तुम्ही खरंच अडकू शकता. "सहा महिन्यांत रस्ता उखडला, बिलं दाखवा" हे बिनधास्त लिहा. पण "अमुक नगरसेवकाने पैसे खाल्ले" असं नाव घेऊन, हातात कागद नसताना लिहिलंत तर अब्रुनुकसानीचा खटला होऊ शकतो. ती अजून फौजदारी गुन्हा आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कलम ३५६ मध्ये आहे. लोकसेवकाच्या कामाबद्दल सद्भावनेने मांडलेल्या मताला त्याच कलमात सूट आहे. तेव्हा असं एखादं वाक्य असेल तर तेवढंच बदला. बाकीची पोस्ट राहू द्या, आणि माहिती अधिकारात कामाचं अंदाजपत्रक व मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची) प्रत मागवा.

पोलिसांची लेखी नोटीस आलीच तर टाळू नका, वकिलासह हजर राहा. अटक झाली तर संविधानाच्या कलम २२ प्रमाणे कारण कळण्याचा आणि पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क तुम्हाला आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत तुम्हाला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं.