सकाळी लावलेलं सॅनिटायझर दुपारच्या डब्यापर्यंत पुरतं का?

ताई, तुम्ही विचारलंय की सकाळी घरातून निघताना सॅनिटायझर चोळलं तर ऑफिसात डबा उघडेपर्यंत त्याचा असर राहतो का, कारण बाटलीवर 'दीर्घकाळ संरक्षण' छापलंय. नाही राहत. लोकलमध्ये पहिली कडी धरलीत की संपलं.

मी बावीस वर्षं एका इस्पितळाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काढली. नर्सिंगच्या नव्या मुली आल्या की त्यांच्याकडून तीन अगार प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या बशा, करून घ्यायचो. पहिलीवर न धुतलेली बोटं टेकवायची. दुसरीवर सॅनिटायझर चोळून, हात पूर्ण वाळल्यावर. मग दहा मिनिटं स्वतःचा मोबाइल हाताळायचा आणि तीच बोटं तिसरीवर. रात्रभर ३७ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी पहिली प्लेट वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्यांनी भरलेली, दुसरीवर दोन-चार, आणि तिसरीवर पुन्हा ठिपकेच ठिपके. मग पुढचं लेक्चर द्यायची गरजच पडायची नाही. मोबाइल पुसायला मात्र धावपळ व्हायची.

अल्कोहोल जंतूंची प्रथिनं बिघडवतं आणि आवरण फोडतं, पण हात ओला आहे तोवरच. वीस-तीस सेकंदांत ते उडून जातं. नंतर हाताला जो किंचित चिकटपणा लागतो, त्याला पुष्कळ जण संरक्षणाचा थर समजतात. ते ग्लिसरीन असतं, कातडी कोरडी पडू नये म्हणून घातलेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि अगदी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते पेरॉक्साइडसुद्धा हातासाठी नाही, द्रावणातच शिरलेले जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक सुप्त रूपं, मारण्यासाठी आहे.

मग 'दीर्घकाळ' हा शब्द येतो कुठून? बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोरहेक्झिडिन ग्लुकोनेट हे जंतुनाशक दिसलं तर दाव्यात थोडं तथ्य आहे. ते कातडीला चिकटून राहतं आणि काही तास काम करतं, म्हणूनच ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन वापरतात. पण तिथे त्याचं काम काय? ग्लोव्हजच्या आत, घामात, सर्जनच्या स्वतःच्या कातडीवरचे जंतू लवकर पुन्हा वाढू नयेत हे. लिफ्टच्या बटणावरून तुमच्या बोटावर आलेला विषाणू डोळे चोळण्याआधी मरेल, अशी हमी त्यात नाही. शिवाय साध्या साबणाचा अंश हातावर राहिला तर क्लोरहेक्झिडिनचा जोर कमी होतो. बेंझाल्कोनियम क्लोराइड या दुसऱ्या जंतुनाशकाचंही तसंच. बिनअल्कोहोलच्या बाटल्यांत बहुधा तेच असतं.

बाटल्यांवरच्या '९९.९ टक्के जंतू मारतं' या दाव्याचं म्हणाल तर दहा लाखांतले हजार तरीही उरतात, आणि तो आकडा प्रयोगशाळेतला. आपण बसस्टॉपवर थेंबभर घेऊन तळवे घासतो आणि दुसऱ्या मिनिटाला पर्समध्ये हात घालतो. निदान ६० टक्के अल्कोहोल असलेलं, तळवा भरेल इतकं घ्या. अंगठा, बोटांची टोकं आणि नखांच्या कडा हमखास सुटतात. वाळेपर्यंत चोळा, कपड्याला पुसू नका. आणि वाळल्याशिवाय गॅस किंवा निरांजन पेटवायला जाऊ नका, ते भडकतं.

डब्याआधी मात्र बेसिन असेल तर साबण-पाणीच. तेलकट किंवा मातीच्या हातावर सॅनिटायझर नीट चालत नाही. घरात उलट्या-जुलाबाची साथ असेल तर ती पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूला ते पुरेसं नाही. गावाकडे फवारणी करून आलेल्या माणसाने तर ते चोळून जेवायला बसूच नये, कीटकनाशक त्याने निघत नाही.

बाकी तुमची बाटली फेकू नका. ट्रेनमधून उतरल्यावर, एटीएमनंतर, दवाखान्यातून निघताना ती उपयोगाचीच आहे. फक्त मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत ओतून घेत असाल तर त्यावर ठळक नाव लिहा. जानेवारी २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या डोसाऐवजी १२ मुलांच्या तोंडात सॅनिटायझर गेलं होतं. तिथे तर प्रशिक्षण घेतलेली माणसं होती, आणि आपल्या घरात गुलाबपाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेलं असतं.