कोल्हापुरात घरच्या रीफ टँकमध्ये क्लीनर श्रिम्प जगेल का? माशांवरचे पांढरे ठिपके ती खाते का?

जगते. क्लीनर श्रिम्प म्हणजे माशांचं अंग साफ करणारी कोळंबी, आणि रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा, कोरल (प्रवाळ) असलेला टँक. ठिपके मात्र ती घालवत नाही, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण ती खपते याच आशेवर.

पांढरे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन. हा परजीवी माशाच्या कातडीच्या आत घुसून बसतो. श्रिम्प वरची मेलेली कातडी आणि बाहेर चिकटलेलं काहीबाही वेचते. आतपर्यंत तिचे चिमटे पोचत नाहीत.

यावरून आमच्या घरात अजून धुसफूस आहे. माझ्या टँग माशावर ठिपके उठले तेव्हा दाजी जेवायला आले होते. त्यांनी वर्षानुवर्षं गोड्या पाण्यातले मासे पाळलेत, त्यामुळे टँकच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द चालतो. म्हणाले, "तांब्याचं औषध ओत टँकात, आठवड्यात मासा ठणठणीत." मी म्हटलं, दाजी, आत कोळंबी आहे, कोरल आहेत. तर म्हणे, "कोळंबी काय, मच्छी मार्केटात किलोनं मिळते."

हे मला फार लागलं. टँकात हात घातला की बोटावर चढून नखांच्या कडा कोरणारा जीव आहे तो. तिच्या रक्तातच तांबं असतं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं तिला मारतं. शिवाय खडक आणि वाळू ते शोषून घेतात आणि नंतर हळूहळू परत सोडतात. म्हणजे मासा वाचला तरी त्या खडकांवर पुन्हा कोळंबी सोडायचा भरवसा राहत नाही.

मी सगळे मासे वेगळ्या टबात काढले आणि तांबं तिथं दिलं, टेस्ट किटनं मोजून. मोठा टँक अडीच महिने माशांविना ठेवला. मासाच नसला की त्या परजीवीचं चक्र तुटतं. कोळंबीला तो लागत नाही, म्हणून ती तिथंच राहिली. चिमट्यानं मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) भरवत होतो. मासे परत सोडले तर टँग सरळ तिच्या कपारीपाशी जाऊन आडवा उभा राहिला, साफ करून घ्यायला. दाजी म्हणाले, नशीब. नशिबाचा काय संबंध? मासे वेगळे काढले म्हणून सगळे वाचले.

रत्नागिरीहून कॅन भरून समुद्राचं पाणी आण, हाही त्यांचाच सल्ला. पावसाळ्यात किनाऱ्यालगत नद्यांचं पाणी मिसळून खारेपणा उतरतो, आणि या श्रिम्पला खारेपणातला चढउतार अजिबात सोसत नाही. आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी आणि रीफ सॉल्ट (टँकसाठीचं समुद्री मीठ) वापरा, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रावर, विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर उडतं. भर घालताना मिठाचं नाही, साधं आरओचं पाणी घाला. नवी श्रिम्प आणल्यावर टँकचं पाणी थेंबथेंब देत सावकाश सोडा. कात टाकली की रिकामं कवच मेलेल्या श्रिम्पसारखं दिसतं, घाबरू नका.

हो, एक राहिलं. टँक नवा असेल तर थांबा. ट्रिगर, हॉकफिश, लायनफिश असे शिकारी मासे असतील तर ती त्यांचं जेवण होईल. आणि कोरलला भरवलेलं ती ओढून नेते, म्हणून आधी तिचं पोट भरा.

ठिपके आत्ताच दिसत असतील तर श्रिम्पचे पैसे टबाला आणि हीटरला घाला. घरात दाजींसारखं कुणी असेल तर तांब्याची बाटली कुलपात ठेवा.