माती : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

माझं माहेर रत्नागिरीचं, सासर बार्शीचं. दोन्हीकडचा मूळ खडक काळा पाषाणच, असं शाळेत शिकलो. मग तिकडे लाल जांभा आणि इकडे काळी चिकण, असं का?

खडक एकच, हे बरोबर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून बनलेला बेसॉल्ट. फरक केला तो पाण्यानं.

घाटरस्त्यासाठी कापलेली दरड जवळून पाहिलीत, तर खडकाची माती होताना दिसते. मध्ये निळसर काळा, टणक गोटा. त्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे. बाहेरचा पापुद्रा तर नखानं खरवडला तरी निघतो. पाणी भेगांमधून शिरतं. दगडाच्या कोपऱ्यावर ते तीन बाजूंनी काम करतं, सपाट बाजूवर एकाच. म्हणून कोपरे आधी झिजतात आणि चौकोनी दगड गोल होतो. पापुद्र्यांचा मुरूम होतो, मुरमाची माती.

आता या मातीतून किती पाणी खाली जातं, ते बघायचं. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. तो कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिकाही धुऊन नेतो. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, म्हणून रंग लाल. त्यातली चिकणमाती मुख्यतः केओलिनाइट जातीची. तिचे थर एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी आत शिरत नाही. बार्शीकडे पाऊस सहाशेच्या आसपास. निघालेली सिलिका आणि मॅग्नेशियम तिथल्या तिथेच राहतात आणि त्यांतून स्मेक्टाइट नावाची चिकणमाती तयार होते. हिच्या थरांमध्ये पाणी शिरतं, म्हणून ती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पाडते. कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांच्या रूपानं खाली साचतं.

अर्थात बार्शीतही सगळीकडे काळी खोल नाही. माळावर वीतभर मुरमाड, ओढ्याकाठी दोन-तीन मीटर भारी. उतारावरची बारीक माती वाहून खाली येते, एवढंच.

व्यवहारात काय? केओलिनाइट खतं कमी धरून ठेवते. माहेरच्या बागेत खत एकदम न देता हप्त्यांनी द्या.

काळी माती काळी म्हणजे तिच्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर, हे खरं का?

नाही. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब ०.६ टक्क्याच्याही खाली असतो. थोडासाच ह्युमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय पदार्थ, स्मेक्टाइटला घट्ट चिकटून बसतो आणि सगळ्या मातीला गडद रंग देतो. रंगावर विसंबून शेणखत कमी करू नका.

उसाची जमीन चोपण झाली. एकरी दोन पोती जिप्सम टाकलं, काही फरक नाही. जिप्सममध्ये भेसळ असावी का?

भेसळीच्या आधी हिशेब तपासू. चोपणात चिकणमातीच्या कणांवर सोडियम बसलेलं असतं. ओल आली की कण सुटे होतात, छिद्रं बुजवतात, पाणी वर साचून राहतं आणि वाफसाच येत नाही. जिप्समचं कॅल्शियम सोडियमला हटवून त्याची जागा घेतं.

वरच्या १५ सेंटिमीटर थरातून १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिइक्विव्हॅलंट (कणांवर बसलेले क्षार मोजायचं एकक) सोडियम हटवायला हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम लागतं. समजा, मातीची धनायन विनिमय क्षमता, म्हणजे १०० ग्रॅम माती कॅल्शियम, सोडियमसारखे जेवढे घटक कणांवर धरू शकते ती, ५० मिलिइक्विव्हॅलंट आहे आणि त्यात सोडियम २५ टक्के. ते १० टक्क्यांवर आणायचंय. म्हणजे ७.५ मिलिइक्विव्हॅलंट, हेक्टरी १४ टनांवर, एकरी पावणेसहा टन. माल ८० टक्के शुद्ध असेल तर सात टनांच्या पुढे. दोन पोती म्हणजे १०० किलो! ही मात्रा निम्मी-निम्मी करून दोन वर्षांत दिली तरी चालते.

आधी चोपणच आहे ना, ते पाहा. वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ पावसाच्या पाण्यात हलकेच सोडा, ढवळू नका. दोन तासांनी भोवती दुधट ढग दिसला तर सोडियम. ढेकूळ नुसतं फुटलं आणि पाणी नितळ राहिलं, तर कमतरता सेंद्रिय पदार्थांची; तिथे जिप्सम वाया. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार ढग उठू देत नाहीत. मात्रा मात्र प्रयोगशाळेच्या अहवालावरूनच काढायची.

सगळ्यात मोठी चूक निचऱ्याची. हटलेलं सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर जायला हवं, नाहीतर तिथेच घुटमळतं. म्हणून आधी चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप, मग जिप्सम. बारीक पूड वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्येच मिसळा, खोल नांगरून गाडू नका. बांध घालून पाणी भरा, ते मुरून निचऱ्यातून जाऊ द्या. त्यानंतर हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून दीड महिन्यानं गाडा.

मातीवर सौम्य आम्ल टाकल्यावर फसफसलं तर चुनखडी आहे. तिथे गंधक चालतं. एक टन जिप्समऐवजी साधारण १९० किलो. जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते चुना विरघळवतं आणि कॅल्शियम मोकळं होतं. याला काही आठवडे ओल आणि ऊब लागते, म्हणून निचरणीचं पाणी लगेच भरू नका.

बोअरचं पाणीही तपासून घ्या. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचं कार्बोनेट आणि बायकार्बोनेट) लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर निघालं, तर ते पाणीच जमीन पुन्हा चोपण करणार. तसं असेल तर त्यात कालव्याचं पाणी मिसळून द्या.